नाव नसलेल्या शहराचा नकाशा

"मॅडम न्हाईत. फिराय गेल्यात."

विश्रामगृहाच्या रखवालदाराने मला हे सांगितले तेव्हा सकाळचे सात वाजून वीस मिनिटे झाली होती. माझ्या एका हातात इडलीचा डबा होता, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास.

"कधी गेल्या?"

"सहाला. म्हणलं, सोबत यीऊ काय? तर म्हणल्या, नको, रोजची सवय हाय. हातात तांबडं जाडजूड पुस्तक हुतं. पोथी असंल म्हणून म्या काय इचारलं न्हाई."

ती पोथी मी लिहिली होती. तांबडे रेक्झिन, सोनेरी अक्षरे, तीनशे बारा पाने. विषय, 'उत्तर-आधुनिक अमेरिकन कादंबरीतील शहरदृश्ये'. दहा वाजता महाविद्यालयाच्या सभागृहात माझी खुली तोंडी परीक्षा होती, आणि ती घेण्यासाठी नागपूरहून आलेल्या बहिःस्थ परीक्षक डॉ. देहाडराय इचलकरंजीच्या गल्ल्यांत माझ्या प्रबंधासह नाहीशा झाल्या होत्या. परीक्षक आणि प्रबंध एकाच वेळी हरवल्यास काय करावे, याविषयी विद्यापीठाच्या नियमावलीत एकही कलम नव्हते. मला ती नियमावली तोंडपाठ होती.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि त्याच महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होतो; म्हणजे खिडकीबाहेरच्या निलगिरीला उद्देशून टिपणे वाचत होतो. वर्गाकडे पाहून बोलणे मला जमत नसे. प्राचार्यांनी महिन्यापूर्वीच सांगितले होते की जूनच्या आत पदवी मिळाली तर नोकरी कायम, नाही तर माझ्या जागी दुसरा माणूस येईल. हे सांगताना ते इतके प्रेमाने हसले होते की मी त्यांचे आभार मानून बाहेर पडलो होतो.

अमेरिका मी पाहिली नव्हती. खरे तर मुंबईही पाहिली नव्हती. पुण्याला एकदा गेलो होतो, चष्म्याच्या नंबरासाठी. पण डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातल्यामुळे परतेपर्यंत सगळे पुणे धुक्यात होते. तरीही महानगरांवर माझा गाढा अधिकार होता, कारण मी त्यांच्याविषयी सहा वर्षे वाचत होतो. माझ्या प्रबंधाच्या केंद्रस्थानी एक कादंबरी होती. तिच्यातल्या शहराला नाव नाही. नायक एक पार्सल काखेत घेऊन सहाशे पाने त्या शहरात भटकतो, आणि पार्सल कोणाचे होते हे शेवटपर्यंत कळत नाही. शहराच्या मधोमध एक जागा आहे. नायक तिच्याभोवती फेऱ्या घालतो, पण आत कधी जात नाही. लेखकही जात नाही. त्या जागेला मी 'रिकामा चौकोन' असे नाव दिले होते आणि एकतीस पानांचे पाचवे प्रकरण केवळ तिच्यावर लिहिले होते. 'अनुपस्थिती हाच या शहराचा गाभा होय' या वाक्याने ते संपत होते. ते वाक्य सुचले त्या दिवशी आनंदाने मला जेवण गेले नव्हते.

प्रबंध पूर्ण होत आला तेव्हा माझे मार्गदर्शक कित्तूरसर म्हणाले होते, "उमाकांत, एक नकाशा टाक. परीक्षक काय सगळं वाचतात होय? चित्रं बघतात."

"सर, त्या शहराला नकाशा नाही. रस्ते दर प्रकरणात जागा बदलतात. दिशा नाहीत, अंतरं नाहीत."

"मग चांगलंच की. चुकला म्हणून कोण म्हणणार?"

मी घरी जाऊन डोळे मिटले, वाचलेले सारे आठवले आणि एका बैठकीत नकाशा काढला. हात एकदाही अडखळला नाही. तीच माझी प्रतिभा, असे मला त्या वेळी वाटले. तो नकाशा 'परिशिष्ट क' म्हणून शेवटी लावला गेला.

रखवालदाराशी बोलत होतो तेवढ्यात कित्तूरसर स्कूटरवरून आले. स्कूटरच्या हुकाला एक पिशवी लटकत होती. बाहेरून आलेल्या परीक्षकाची सरबराई विद्यार्थ्याने करायची, हा आमच्याकडचा अलिखित नियम. आणि सरबराईची यादी सरांनी काढायची, हा त्याहून जुना नियम. पिशवीत नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी होती आणि नऊ नंबरच्या पुरुषी कोल्हापुरी चपला होत्या. विद्यापीठाच्या पत्रात नाव 'डॉ. व्ही. आर. देहाडराय' असे होते, आणि एवढ्या लांबलचक आडनावाचा मनुष्य मिशाळच असणार, असे सरांनी गृहीत धरले होते. आदल्या संध्याकाळी मिरज स्टेशनवर मी 'मि. देहाडराय' अशी पाटी धरून उभा होतो. साठीच्या, पांढऱ्या शुभ्र केसांच्या एक बाई समोर येऊन थांबल्या, पाटी वाचून म्हणाल्या, "मिस्टर नागपूरलाच राहिलेत. मी आले तर चालेल?"

"हरवल्या म्हणजे काय?" सर आता ओरडले. "परीक्षक काय छत्री आहे हरवायला? बस मागं!"

मी डबा, थर्मास आणि चपला सांभाळत मागे बसलो.

आमचे गाव यंत्रमागांचे. दिवस उजाडला की दर दुसऱ्या घरातून खटखट सुरू होते आणि परका माणूस दोन चौकांत दिशा विसरतो. विश्रामगृहाच्या रस्त्याने सरळ गेले की सात रस्ते एकत्र येतात. तिथे शिवलिंगअप्पाचा वड्याचा गाडा होता.

"बाई? बघितली की," अप्पा म्हणाला. "हितंच कट्ट्यावर बसल्याली. घाबरल्यागत दिसत हुती. मग पुस्तक उघडलं, त्यात बघितलं, मला बघितलं, सात रस्ते मोजलं आणि एकटीच हसाय लागली."

"हसायला?" सरांचा चेहरा उतरला. "मग?"

"म्हणलं, कुठं जायाचंय, सांगू काय रस्ता? तर म्हणल्या, नको, आहे माझ्याकडं. आणि तिसऱ्या रस्त्यानं गेल्या. पुस्तक असं पुढं धरून. आरतीचं ताट धरत्यात बघा, तसं."

तिसरा रस्ता सायझिंगच्या कारखान्यांचा. सुताला खळ लावून ते तिथे वाळवले जाते आणि वाफेने सगळी गल्ली उकडत असते. दारात उभ्या असलेल्या एका कामगाराने हात करून सांगितले, "आत्ता गेल्या. कानावर हात ठिवून मधोमध हुभ्या ऱ्हायल्या, मग पुस्तकात बघून मान डोलवली. मास्तरीणबाई हायत काय?"

"मास्तरांच्या मास्तरीण," सर म्हणाले. मग मान मागे वळवून मला म्हणाले, "हसली म्हणतो, मान डोलवली म्हणतो. काय लिहिलंयस काय त्यात तू?"

"तुम्ही वाचलंय ना, सर."

सरांनी गिअर बदलला.

सायझिंगची गल्ली एका जुन्या चित्रपटगृहाच्या मागे संपते. तिथून डावीकडे एक बोळ फुटतो. बोळाच्या तोंडाशी माझी आई उभी होती. दोन खांबांना बांधलेल्या वलणीवर ती धुणे वाळत घालत होती. पदर खोचलेला, तोंडात कपड्यांचा चिमटा. मला स्कूटरवर पाहताच तिने चिमटा हातात घेतला आणि हाक मारली.

"उमाऽ! आरं थांब की! आत्ताच एक बाई..."

पुढचे शब्द मागांच्या आवाजात बुडाले. मी मान फिरवली. आमचे घर म्हणजे बारा मागांच्या शेडवरचा पोटमाळा. माझे वडील, अण्णा, तिथेच जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करायचे. तीस वर्षांच्या खटखटीने त्यांचे कान अधू झाले होते आणि घरात सगळे एकमेकांशी ओरडून बोलत. मी ओरडू शकत नव्हतो, म्हणून गप्प राहू लागलो, आणि गप्प राहणारा मुलगा हुशार असतो असे सगळ्यांनी ठरवून टाकले. शांतता म्हणजे वीज गेलेली, एवढाच आमचा तिच्याशी परिचय. सहा वर्षांत मी कित्तूरसरांना कधी घरी बोलावले नव्हते. घर लांब आहे, असे सांगत आलो होतो.

"कोण रे त्या? तुला हाक मारतायत," सर म्हणाले.

"शेजारच्या," मी म्हणालो. "चला सर, उशीर होतोय."

आम्ही निघालो. पुढे नदीच्या घाटावर पाहिले, बाजारात पाहिले, घड्याळ बंद पडलेल्या बँकेच्या पायरीवर पाहिले. बाई कोठेच नव्हत्या. नऊ वाजता सरांनी पोलीस ठाण्याचा विचार केला आणि सोडून दिला. "काय सांगणार? परीक्षेआधी परीक्षक पळाली म्हणून? उलट तुझ्यावरच संशय घेतील." साडेनऊला त्यांनी बर्फीचा एक तुकडा खाल्ला. पावणेदहाला दुसरा.

दहाला दहा मिनिटे कमी असताना आम्ही महाविद्यालयात शिरलो. सभागृहाच्या पहिल्या रांगेत डॉ. देहाडराय बसल्या होत्या. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून त्या सँडलमधला खडा काढत होत्या. मांडीवर तांबडा प्रबंध होता, आणि त्यात खुणेसाठी घातलेला कपड्यांचा लाकडी चिमटा.

तो चिमटा मी पाहिला. पण भीतीने माणूस आंधळा होतो. मला तो केवळ चिमटा दिसला.

"मॅडम!" सर धावले. "आम्ही अख्खं गाव पालथं घातलं!"

"मीही," त्या म्हणाल्या. "सुरू करायचं?"

परीक्षा खुली असल्यामुळे निदान तीस श्रोत्यांच्या सह्या लागत. सरांनी बी.ए.चा वर्ग आणि तीन शिपाई बसवले होते. तरीही आकडा पंचवीसच्या पुढे जाईना, म्हणून मी नाइलाजाने अण्णांना सांगितले होते. शेवटच्या रांगेत ते आणि त्यांच्या पाळीचे चौघे जण बसले होते: धुतलेले सदरे, तेल लावलेले केस, आणि कानांच्या पाळ्यांवर राहून गेलेला कापसाचा भुगा. अण्णांना इंग्रजी येत नव्हते. सहा वर्षांत त्यांनी माझ्या अभ्यासाविषयी एकच प्रश्न विचारला होता, "आमेरिकेत पॉवरलूम असत्यात काय रं?" मी 'माहीत नाही' म्हणालो होतो.

"परिशिष्टापासून सुरुवात करू," मॅडम म्हणाल्या. "'क'पासून."

कित्तूरसरांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. बघ, चित्रंच बघतात. मी नकाशाची पारदर्शक फिल्म प्रक्षेपकावर ठेवली आणि ते निनावी अमेरिकन शहर भिंतीवर छतापर्यंत उजळले: सप्तपथ, गोंगाटाचा रस्ता, थांबलेल्या घड्याळाची बँक, जुने चित्रपटगृह, नदी, विमा कंपनीची भव्य इमारत, आणि मधोमध पांढराशुभ्र रिकामा चौकोन.

पहिला प्रश्न इंग्रजीत आला. मी निलगिरी शोधली, पण सभागृहाला खिडकी नव्हती. मी प्रक्षेपकाच्या पंख्याकडे पाहून काहीतरी पुटपुटलो.

"मराठीत बोलू या," त्या म्हणाल्या. "मला सांगा, कादंबरीत नदी शहराच्या कुठल्या बाजूला आहे?"

"बाजू... दिलेली नाही."

"सप्तपथावरून गोंगाटाच्या रस्त्याला जायला कितवा फाटा?"

"तेही दिलेलं नाही."

"तुम्ही तिसरा दाखवलाय."

"मला तो... तिसराच वाटला."

"आणि काहून वाटला?"

माझी नोकरी, सहा वर्षे आणि सोनेरी अक्षरे हळूहळू त्या भिंतीवरच्या नदीत बुडत होती. मॅडम उठल्या आणि श्रोत्यांकडे वळल्या.

"आज सकाळी मी रस्ता चुकले. सात रस्ते एकत्र येतात अशा ठिकाणी. अनोळखी गावात बावरलेली दिसू नये म्हणून मी हे उघडून वाचायचं नाटक केलं, तर नेमकं हेच पान उघडलं. पाहते तर सात रस्ते. तिसऱ्यानं गेले. असा गोंगाट की स्वतःचा विचार ऐकू येईना. पुढं चित्रपटगृह. मग बँक. घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं, या नकाशातल्यासारखंच. नकाशातली विमा कंपनीची इमारत शोधत निघाले, ती या सभागृहाच्या दारात येऊन पोचले. मी चार वर्षं शिकागोत राहिलेय, बरं का. तिथंही मला इतका बिनचूक नकाशा मिळाला नव्हता."

सभागृहात कुजबुज झाली. मग शेवटच्या रांगेतून अण्णांचा जोडीदार दत्तू जवळजवळ उठलाच. "आयला, व्हय की! ही तर आपली बँक! आणि ह्ये टॉकीज!"

"तो शिवलिंगअप्पाचा गाडा," एक शिपाई म्हणाला. नकाशात तिथे 'हॉट डॉग' असे लिहिले होते.

बी.ए.चा वर्ग, ज्याला मी दोन वर्षे एकदाही हसवू शकलो नव्हतो, तो बाके वाजवून हसू लागला. पण सर्वांत मोठा धक्का मला बसला होता. मी भिंतीकडे पाहत होतो आणि प्रथमच पाहत होतो. सहा वर्षे मी अमेरिकेत फिरत होतो. ज्या वाफेला मी महानगराच्या भुयारांतून येणारे उच्छ्वास म्हटले होते, ती सुताच्या खळीची वाफ होती. कादंबरीतला नायक पार्सल घेऊन इचलकरंजीतून चालला होता, आणि मी त्याला ओळखले नव्हते.

कित्तूरसर मदतीला धावले. "मॅडम, घड्याळ बंद पडलेली बँक कुठल्या गावात नसते? ही... ही आंतरसंहितात्मकता आहे!"

"असेल. पण सर, मी तिच्यातून अडीच तास चाललेय. पायाला फोड आलाय."

हशा ओसरला. आणि त्या ओसरलेल्या शांततेत, शांतता ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, अण्णांनी विचारले,

"उमा, आपलं घर कुठं हाय रं ह्यात?"

मी पाहिले. चित्रपटगृह. त्याच्या मागे सायझिंगची गल्ली. तिथून डावीकडे...

"बाबा, तुम्हीच दाखवा," मॅडम म्हणाल्या. अण्णांना ऐकू गेले नाही. दत्तूने त्यांना कोपराने ढोसले, तेव्हा ते पुढे आले. प्रक्षेपकाच्या उजेडात शिरल्यावर नदी त्यांच्या सदऱ्यावरून वाहू लागली आणि बँक त्यांच्या टकलावर आली. त्यांनी भिंतीवर बोट टेकवले. बोटाची थोराड सावली रिकाम्या चौकोनावर पडली आणि तो पुरता भरून गेला.

"हितं," अण्णा म्हणाले. "पर हितं काय काढलंच न्हाई ह्यानं."

कोणी हसले नाही. मॅडमनी प्रबंध उघडला, चिमटा बाजूला केला. "पाचवं प्रकरण. तुम्ही एकतीस पानांत सिद्ध केलंय की या जागेत कोणी राहत नाही. मी आज सकाळी तिथं चहा प्यायले."

माझ्या हातातली निर्देशक काठी खाली पडली.

"नकाशात काही नाही म्हणून मी मधून सरळ जायला गेले, तर बोळ लागला. एक बाई धुणं वाळत घालत होत्या. म्हणाल्या, दमलायसा, बसा जरा. मला वर नेऊन चहा दिला, कालची भाकरी तापवून दिली. पान मिटू नये म्हणून हा चिमटा दिला. मी आत बसलेले असताना त्या पुन्हा खाली धुण्याकडे गेल्या, कुणाला तरी हाका मारत होत्या. मग वर येऊन म्हणाल्या, पोरगं गडबडीत हाय, आज त्याची परीक्षा हाय." त्यांनी प्रबंध मिटला. "आता माझा शेवटचा प्रश्न. या जागेत कोण राहतं?"

सकाळी आईच्या हाकेला मी थांबलो असतो तर मला परीक्षक तेव्हाच सापडल्या असत्या. पण तो हिशेब नंतरचा. त्या क्षणी मी निलगिरी शोधली नाही, पंख्याकडे पाहिले नाही. मी कित्तूरसरांकडे पाहिले.

"मी राहतो," मी म्हणालो. आवाज अण्णांपर्यंत पोचावा म्हणून मी ओरडलो होतो. "माझी आई, अण्णा आणि मी. खाली बारा माग आहेत. सकाळी हाक मारत होती ती माझी आई होती, सर. शेजारची नव्हे."

"आरं, वरडतोस कशाला?" अण्णा म्हणाले. "ऐकाय येतंय की मला."

मॅडम आणि सर अहवाल लिहायला शेजारच्या खोलीत गेले. पंधरा मिनिटे आम्ही व्हरांड्यात उभे होतो. अण्णांनी दोनदा विचारले, "पास का?" मी दोनदा मान हलवली, आणि तिचा काय अर्थ होता ते मलाही ठाऊक नव्हते. अखेर सर बाहेर आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शेजारच्या?" ते हळूच म्हणाले.

मी खाली पाहिले.

"पदवीची शिफारस केलीय," ते म्हणाले. "दोन दुरुस्त्या. नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नाही, ती दाखवायची. आणि रिकाम्या चौकोनात घर दाखवायचं. पाचवं प्रकरण तसंच ठेवा म्हणाली. म्हणते, राहू दे, ते लिहिताना त्याला अजून कळायचं होतं."

निघताना मॅडमनी बर्फीचा उरलेला अर्धा पुडा आनंदाने घेतला. चपला पाहून त्यांनी विचारले, "नऊ नंबर? इथं कुणाला येतो?" अण्णांना येत होता. एरवी लग्नसमारंभातच चपला घालणारे अण्णा त्या दिवशी घरापर्यंत करकर वाजवत गेले, आणि तो आवाज आपल्याला ऐकू येतो असा त्यांचा दावा होता.

दुरुस्तीसाठी महिन्याची मुदत होती. उत्तर दिशा मला काही केल्या ठरवता येईना. नकाशा मी डोळे मिटून काढला होता, आणि डोळे मिटल्यावर सूर्य नसतो. तीन रात्री मी कादंबरी पुन्हा चाळली. तिच्यातही सूर्य कधी उगवत नाही, सारखे ढगाळ असते. चौथ्या दिवशी, आठवड्याच्या वीजबंदीच्या सकाळी, माग थांबलेले असताना मी कागद पोटमाळ्यावर पसरला आणि अण्णांना हाक मारली.

"अण्णा, इथं घर काढा."

अण्णांनी कापडातल्या चुकांवर खूण करायची निळी पेन्सिल कानावरून काढली. "केवढं काढू?"

"टिंब पुरे."

"टिंबात आम्ही मावतो व्हय?" त्यांनी चौकोन काढला. आत बारा रेघा ओढल्या, एकेक माग मोजून. मग जिना काढला. आई मागून वाकून पाहत होती.

"वलणी ऱ्हायली की," ती म्हणाली.

अण्णांनी वलणी काढली. मग पेन्सिल थांबली. "दार कुठल्या अंगाला काढायचं?"

"मला काय माहीत?"

दोघांनी माझ्याकडे पाहिले. या घरात मी जन्मलो होतो.

"आरं, दारात हुभं ऱ्हायलं की उजव्या हाताला सूर्य उगवतोय," आई म्हणाली. "एकोणतीस वर्षं बघतोयस न्हवं?"

मी उठलो, जिना उतरलो आणि दारात उभा राहिलो. थांबलेल्या मागांमुळे सगळी गल्ली ओळखू न येण्याइतकी शांत होती. ऊन उजव्या गालावर येत होते. मी बराच वेळ तसाच उभा होतो. मग वर येऊन, अण्णांच्या निळ्या पेन्सिलीनेच, बाण काढला.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या प्रबंधाची प्रत अजून आहे. परिशिष्ट 'क' उघडले तर दिसेल: अमेरिकेतल्या त्या नाव नसलेल्या शहराची उत्तर दिशा एका वलणीजवळच्या दारातून सुरू होते.